बाहेर पडा

१

ऋतिकाच्या दारात त्या गुरुवारी बर्फ, बोंबील आणि रक्त एकमेकांत मिसळून वाहत होतं. पोलीस खात्यात एकतीस वर्षं काढली, रुळावरचे तुकडे गोळा केले, खाडीतून फुगलेली माणसं ओढली; पण उंबरठ्यावरचे ते बोंबील ओलांडायला मला दोनदा पाय उचलावा लागला, हे कबूल करतो.

मी हवालदार चंद्रप्रकाश राऊळ. गाव कुडाळजवळ, नोकरी बोरिवलीत, निवृत्तीला चौदा महिने बाकी. डोकं तापट आहे, असं बायको म्हणते. ती चुकीचं बोलत नाही.

ऋतिका आतल्या खोलीच्या दारात पडली होती. अंगावर नऊ वार. पहिले तिने हातांवर झेलले असावेत, कारण डाव्या हाताची दोन बोटं कपाटाखाली सापडली. शेवटचा मानेवर. कोयता तिथेच टाकून मारणारा निघून गेला होता. बत्तीस वर्षांची बाई, ऑगस्टपासून या तिसऱ्या मजल्यावर भाड्याने एकटी राहत होती आणि अंधेरीच्या एमआयडीसीत एका कंपनीत दुपारपाळी करत होती. रोज साडेअकराला घरातून निघायची. त्या दिवशी सव्वाअकराला खालचा वॉचमन ओरडत वर आला.

आमच्या उपनिरीक्षक अस्मिता घाग मात्र प्रेताजवळ दोन मिनिटं बसून थेट स्वयंपाकघरात गेल्या. ओट्यावरच्या पातेल्यावरची ताटली त्यांनी उचलली.

"राऊळ, हे बघा."

"साबुदाणा आहे, मॅडम. भिजवलेला."

"तो मलाही दिसतोय. तुम्ही नीट बघा म्हटलं."

मी नीट बघितलं. साबुदाणाच होता, शेजारी वाटीत दाण्याचं कूट. बाई बाहेर कापून पडलेली आणि ह्यांना खिचडीचं पडलंय, असं मनात आलं.

आरोपी तर आयता मिळाला होता. निमेश नावाचा कोळ्याचा पोरगा, एकोणतीस वर्षांचा. गोराईच्या कोळीवाड्यातून मासे घरपोच करायचा. पाय रक्ताने माखलेले, असा जिन्यातून धावत खाली आला आणि वॉचमनने त्याला गेटवरच धरला. त्याच्या घरची 'सरूबाईची पाटी' म्हणून वेबसाइट होती. त्यावर बुधवारी रात्री आठ वाजून दहा मिनिटांनी ऋतिकाच्या खात्यातून ऑर्डर पडली होती. बोंबील आणि पापलेट, गुरुवारी अकराच्या सुमाराला.

मोठ्या साहेबांनी बोटांवर मोजून दाखवलं, "बोलावलं तिने, आला हा, पाय ह्याचे, कोयता कोळ्याचा. उद्या अकराला कोर्टात उभा करायचा. तोपर्यंत कबुली पाहिजे, राऊळ."

"मिळेल, साहेब," मी म्हणालो.

२

मिळाली नाही. मी निमेशच्या कानाखाली दोन लगावल्या, मग साहेबांनी पट्टा काढला. पोरगा भिंतीला टेकून लहान मुलासारखा रडत होता. ओठ फाटून शर्टावर रक्त गळत होतं.

"दार उघडाच होता, साहेब. मी हाक मारली, 'ताई, पाटी आली.' आत बघतो तर... पाय सरकला माझा. त्यांच्यावरच पडलो मी. मग पळालो."

"पळालास का?"

"तुमी माराल म्हणून!"

मी तिसरी लगावली. आज ती आठवली की हात जळतो.

बाहेर बाकावर त्याची आई बसली होती. तीच सरूबाई. गुलाबी लुगडं, केसांत अबोली, सकाळी बाजारात जायला निघालेली तशीच आलेली. कोयता पंचनाम्याच्या टेबलावर पिशवीत होता. तिने लांबूनच बघितला आणि उभी राहिली.

"यो कोयता आमचा नाय. टोक बघ रं बाबा याचा, कसा वाकलाय! म्हावरा कापताना टोक अडकंल का नाय? माझे पोरानं कुनाला नख नाय लावला."

साहेब म्हणाले, आई आहे, दुसरं काय बोलणार? पण मला ठाऊक होतं. असला कोयता आमच्या गावी पडवीत खुंटीला टांगलेला असतो, नारळ सोलायला आणि झावळ्या तोडायला. मासळीवर तो कुणी चालवत नाही. हे मी साहेबांना सांगायला हवं होतं. सांगितलं नाही, कारण कबुली मिळवतो म्हणून मीच शब्द दिला होता.

मॅडमना मात्र सांगितलं. त्या वॉचमनची वही घेऊन बसल्या होत्या.

"बघा. दहा चाळीस, सरूबाईची पाटी, ३०२. परत अकरा पाच, सरूबाईची पाटी, ३०२. एक माणूस दोनदा आला, की दोन माणसं एकेकदा?"

वॉचमन हात जोडून म्हणाला, "दोनों टाइम हेलमेट था, मैडम, दोनों टाइम नीला थैला. आदमी एक कि दो, हम कइसे बोलें? बस, पहली बार बरसाती पहना था."

"फरवरी में बरसाती?"

वॉचमनने खांदे उडवले. साहेबांचं म्हणणं, निमेशने रेनकोट घालून खून केला, तो कुठेतरी फेकला आणि काही विसरलं म्हणून परत आला. ऐकायला ठीक वाटत होतं. पण रेनकोट घालून कोरडा राहिलेला माणूस परत येऊन रक्तात पाय कशाला बुडवेल?

"राऊळ," मॅडम हळूच म्हणाल्या, "निमेशने मारलं नसेल, तर कुणालातरी तीन गोष्टी ठाऊक होत्या. तिचा पत्ता, ती पाटीची गिऱ्हाईक असल्याचं आणि अकराला तिच्या दारात पाटी येणार असल्याचं. अशी माणसं किती असतील?"

३

अशी दोन माणसं निघाली. तिसरा म्हणाला, मला काहीच ठाऊक नव्हतं.

पहिली अक्षता, ऋतिकाची थोरली बहीण, मुलुंडची. तिने बहिणीचं तोंड बघितलं आणि भिंतीवर डोकं आपटून घेतलं. दोन महिला शिपायांनी धरून तिला खुर्चीत बसवावं लागलं.

"मीच तिला परत पाठवत होते, मॅडम. दोनदा पाठवली. म्हटलं, नवरा आहे, ॲडजस्ट कर. ऑगस्टमध्ये ती पर्स घेऊन माझ्या दारात आली तेव्हा तिचा कान फुटला होता. राजेशने इस्त्री मारली होती फेकून. गुरुवार होता. गुरुवारी सुटले म्हणून तेव्हापासून गुरुवार धरला तिने."

"घरातून काय काय आणलं होतं?"

"अंगावरचे कपडे. लॅपटॉपसुद्धा तिथेच राहिला."

"पत्ता कुणाकुणाला दिला होता?"

"मला. आणि ऑफिसातल्या सुयोगला. आमच्या आईलासुद्धा नाही. सगळीकडचे पासवर्ड बदलले, नंबर बदलला. इतकी सांभाळून राहत होती हो माझी पोर!"

पाटीवरून मासे मागवायला अक्षताच्या घरच्या टॅबवरही ऋतिकाचंच खातं चालू होतं. हे तिने आपणहून सांगितलं.

दुसरा सुयोग, ऋतिकाच्या शेजारच्या टेबलावर बसणारा. शर्ट इस्त्रीचा, उजव्या मनगटावर ताजे ओरखडे. मी लगेच सावध झालो.

"मांजराने ओरबाडलं, साहेब. आईशप्पथ." मग खाली बघून म्हणाला, "मी तिला लग्नाचं विचारलं होतं. जानेवारीत. ती म्हणाली, आधी घटस्फोट होऊ दे, मग बघू. भांडण नव्हतं यार आमच्यात. गुरुवारी तिच्या डब्यातली अर्धी खिचडी मीच संपवायचो."

"तिचं पाटीचं खातं तुझ्या कॉम्प्युटरवर उघडं होतं?"

"तिच्या. पण बुधवारी रात्री तिची पाळी होती, मी शेजारीच होतो. म्हणजे... कुणीही हात लावू शकलं असतं. मीसुद्धा." बोलता बोलता त्याचा चेहरा पांढरा पडला.

तिसरा राजेश म्हसकर. नवरा. घाटकोपरचा, लिफ्ट दुरुस्तीचं काम करणारा. खांदे असे, की दारातून आडवंच व्हावं लागेल. तो रडला, अगदी नीट रडला, रुमाल घडी करून डोळ्यांना लावत. मला तो रुमाल खटकला.

"भांडणं कुठल्या घरात होत नाहीत, मॅडम? ती कुठे राहते हे मला आज तुमच्याकडूनच कळलं. सकाळी लिफ्टच्या शाफ्टमध्ये होतो, तिथे रेंज नसते. कोण तो कोळी, त्याला माझ्यासमोर आणा एकदा!"

"तुम्हाला कसं कळलं की मासेवाला होता?"

"बातम्यांत आलं ना. आणि मच्छीवर तर तिचा जीव. वार नाही बघायची, गुरुवारीसुद्धा पापलेट लागायचं तिला."

बातम्यांत आलं होतं, खरंच. मॅडम नुसती मान हलवत होत्या.

"तिचा लॅपटॉप तुमच्याकडेच आहे?"

"आहे की. ती गेली त्याच दिवशी साफ केला. हिस्टरी, कुकीज, सगळं उडवलं. तिची आठवणही नको म्हटलं."

तो गेल्यावर मी मॅडमना म्हणालो, "माणूस हलकट आहे. पण ह्याला पत्ता कोण देणार? बहीण देणार नाही, सुयोग देणार नाही."

"बरोबर," मॅडम म्हणाल्या. "म्हणून मी निमेशच्या बायकोला बोलावलंय. ती साइट तिने बांधलीय."

४

कल्पिता संध्याकाळी सहाला आली. बारीक अंगाची मुलगी, कोळीवाड्यातली पहिली कॉम्प्युटरवाली. आधी ती कोठडीपाशी गेली. निमेशचा सुजलेला डोळा बघितला आणि माझ्याकडे वळली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग तिने लॅपटॉप उघडला. पाटीच्या पानावर खालून एक पट्टी वर आली : 'आमची पाटी कुकीज वापरते. तुम्हाला चालेल का?' खाली तीन बटणं. 'सगळ्या चालतील', 'फक्त गरजेच्या', 'माझं मी ठरवेन'.

"ह्या कुकीज म्हणजे बिस्किटं ना गो?" मी विचारलं. वातावरण जरा हलकं व्हावं म्हणून. झालं नाही.

"सासूबाई गिऱ्हाईक तोंडावरून ओळखतात," कल्पिता मॅडमकडे बघत म्हणाली. "कुणाला डोकं नको, कुणाला काटा काढून हवा, सगळं पाठ. माझ्या साइटला डोळे नाहीत. म्हणून ती गिऱ्हाइकाच्याच ब्राउझरमध्ये एक चिठ्ठी ठेवते. पुढच्या वेळी ब्राउझर ती चिठ्ठी दाखवतो आणि साइट म्हणते, अगोबाई, तुम्ही होय! तीच कुकी. पाटीत काय टाकलंय, आत कोण आलंय, हे तिच्यावरून कळतं. या गरजेच्या. त्यांच्याशिवाय दुकान चालत नाही."

"आणि बाकीच्या?"

"जाहिरातवाल्यांच्या. तुम्ही एका ठिकाणी गुडघ्याचं तेल बघितलं, की चार दिवस जाल तिथे तेल."

माझं नेमकं तेच चाललं होतं. मी समजत होतो, मोबाईल चोरून ऐकतो.

"त्या नको म्हणता येतात. पण लोक वाचतच नाहीत, पहिलं बटण दाबून मोकळे होतात. ऋतिकाताई वाचायच्या. मला फोन करून एकेक विचारलं होतं त्यांनी."

मॅडम पुढे सरकल्या. "कुणी हिस्टरी उडवली, तर कुकी जाते?"

"नाही. उडवताना समोर दोन वेगळे चौकोन येतात, ज्यावर खूण कराल तेवढंच जातं. हिस्टरी म्हणजे तुम्ही कुठे कुठे गेलात त्याची यादी. यादी फाडली म्हणून त्या त्या घरातली तुमची ओळख पुसत नाही. कुकीजवर वेगळी खूण करावी लागते. पुष्कळ लोक ती मुद्दाम करत नाहीत, कारण मग सगळीकडे पासवर्ड परत टाकावे लागतात."

"आणि कुकी उडवली, तर?"

"साइटला तुम्ही नवखे. परत ही पट्टी येणार, परत विचारणार. आणि नवा नंबर पडणार."

"कसला नंबर?"

"कुणी कधी काय निवडलं, याची मी नोंद ठेवते. उद्या कुणी म्हणालं, मला न विचारता चिठ्ठी ठेवली, तर? प्रत्येक निवडीला नंबर आणि तारीख. ऑर्डर पडली की तो नंबर ऑर्डरवर उमटतो."

मॅडमनी श्वास घेतला. "ऋतिकाच्या खात्याला किती नंबर आहेत?"

कल्पिताची बोटं चालली. चार नंबर होते. डिसेंबरचा, मुलुंडच्या टॅबचा. नोव्हेंबरचा, ऑफिसचा. सप्टेंबरचा, ऋतिकाच्या नव्या मोबाईलचा. आणि एक गेल्या वर्षीच्या बारा मार्चचा, 'फक्त गरजेच्या'.

"बुधवारची ऑर्डर कुठल्या नंबरवरून पडली?"

कल्पिताने बघितलं. परत बघितलं. मग तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"मार्चच्या," ती बोटांआडून म्हणाली. "मॅडम, त्याला पत्ता कुणीच दिला नाही. तो मी दिला."

५

शुक्रवारी सकाळी सातला आम्ही घाटकोपरला राजेशच्या दारात होतो. मॅडम, मी आणि शिपाई बाळा. कोर्टाला चार तास. अकराला निमेशला उभा केला की कोठडी वाढणार, आणि मग साहेब आपलं म्हणणं मागे घेणार नव्हते. साहेबांना मी ओळखून आहे.

राजेश बनियनवर होता, दात घासत.

"लॅपटॉप दाखवता?" मॅडम म्हणाल्या.

"घ्या की." त्याने तो टेबलावर ठेवला, उघडला, हिस्टरी काढून दाखवली. रिकामी. "म्हटलं ना, साफ आहे. मी दर आठवड्याला उडवतो."

"कुकीजसुद्धा?"

"सगळं."

"बसा मग. मी तुम्हाला एक गोष्ट सांगते. ऋतिकाने गुरुवारसाठी मासे मागवले, असं सगळे धरून चालले. पण तिच्या ओट्यावर साबुदाणा भिजत होता. ऑगस्टपासून तिने एकही गुरुवार मोडला नव्हता. बहिणीला ठाऊक होतं. सुयोग तर दर गुरुवारी तिची खिचडी खायचा. या दोघांपैकी कुणी तिच्या नावाने ऑर्डर टाकली असती, तर गुरुवार सोडून टाकली असती. गुरुवारी बोंबील मागवणारा माणूस असा, की ज्याला जुनी ऋतिका ठाऊक होती, नवी नाही. गुरुवारीसुद्धा पापलेट लागायचं, असं काल कोण म्हणालं?"

राजेशने ब्रश खाली ठेवला. "हा पुरावा झाला?"

"नाही. आता पुरावा. ऑर्डरवर ज्या कुकीचा नंबर आहे, ती मागच्या मार्चमधली. मार्चमध्ये ऋतिका या घरात होती आणि साइट उघडायची ती या लॅपटॉपवर. तुम्ही ऑगस्टमध्ये कुकीज उडवल्या असत्या, तर तो नंबर तिथेच मेला असता. या बुधवारी त्यावरून ऑर्डर पडलीच नसती."

"पासवर्ड बदलला होता तिने," तो फटकन म्हणाला.

मी मॅडमकडे बघितलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "हो. पण तिने पासवर्ड बदलल्याचं तुम्हाला कसं कळलं?"

राजेशने बनियनला हात पुसले.

"दुसऱ्या साइटवर जुना टाकून बघितलात ना? या साइटवर त्याचीही गरज नव्हती. कुलूप बदललं, तरी आत बसलेला माणूस आतच राहतो. साइट बांधणारीकडून ते राहून गेलं. ऋतिका पर्स उचलून या घरातून पळाली. पळताना लॅपटॉपवरचं 'बाहेर पडा' बटण दाबायला तिला कुणी वेळ दिला? तुम्ही इस्त्री फेकत होतात. तिने सप्टेंबरमध्ये खात्यात नवा पत्ता भरला, तो तुम्हाला इथे बसून दिसला. वेळ तुम्हीच निवडलीत, अकरा. तुम्ही वीस-पंचवीस मिनिटं आधी गेलात, निळी पिशवी, हेल्मेट, रेनकोट, आणि कोळ्याचा वाटावा म्हणून नारळाचा कोयता. दारातून म्हणालात, 'सरूबाईची पाटी.' मी मागवलेलं नाही, एवढं सांगायला तिने दार उघडलं."

"सगळ्या गमजा! कोर्टात हसतील."

"मग हसू या," म्हणून मॅडमनी पाटीचा पत्ता टाकला आणि लॅपटॉप त्याच्याकडे फिरवला.

खालून पट्टी वर आली नाही. कुणी काही विचारलं नाही. हिरव्या अक्षरांत पान उघडलं : 'या ऋतिकाताई, पाटी उघडी आहे.' वरच्या कोपऱ्यात लहानसं बटण होतं, 'बाहेर पडा'.

कुणीतरी मेलेल्या माणसाला हाक मारावी तसं ते वाटलं. राजेश एक क्षण वाचत राहिला. मग त्याने लॅपटॉप दोन्ही हातांनी उचलला आणि मॅडमच्या तोंडावर हाणला.

नाकाचं हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. बाळा मध्ये पडला, त्याला त्याने भिंतीवर फेकला, आणि लॅपटॉप जमिनीवर आपटायला परत उचलला. मी त्याच्या कमरेत घुसलो. छप्पन्न वर्षांचा माणूस मी, लिफ्ट ओढणाऱ्याशी काय झुंजणार? त्याने माझ्या खांद्याचा लचका तोडला, गुडघा पोटात घातला. मी खाली पडलो, पण लॅपटॉप पोटाशी धरून पडलो. वरून लाथा बसत होत्या. दोन बरगड्या गेल्या. मग मॅडमनी, तोंड रक्ताने भरलेलं, कोपऱ्यातला पाट उचलून त्याच्या गुडघ्यामागे घातला. तो कोसळला आणि बाळाने बेड्या अडकवल्या.

मग मी उठलो आणि त्याच्या तोंडावर मूठ उगारली. मारायचीच होती. मॅडम नाक दाबून एवढंच म्हणाल्या, "राऊळ. काल पण तुम्हाला इतकीच खात्री होती."

मी हात खाली घेतला.

पलंगाखालच्या पेटीत रेनकोट मिळाला. धुतलेला, पण शिवणीत रक्त होतंच. बुधवारी ऑर्डर टाकल्यावर त्याने हिस्टरी उडवली होती. कुकीजची खूण मात्र काढून ठेवली होती. त्याच लॅपटॉपवर तो क्रिकेट बघायचा, आणि परत पासवर्ड टाकायचा कंटाळा.

६

साडेदहाला निमेश सुटला. साहेब कुठल्याशा बैठकीला गेले होते, असं सांगण्यात आलं. मी खांद्याला पट्टी बांधून दारात उभा राहिलो आणि त्याला म्हणालो, "पोरा, चुकलो मी."

त्याने माझ्याकडे बघितलंच नाही. सरूबाईने बघितलं.

"कानानं कमी ऐकतंय तो आता," ती म्हणाली. "मी त्येला सांगंन, हवालदार काय बोलला ता. ऐकू आला तर आला."

मी लेखी जबाब दिला, साहेबांचा पट्टा आणि माझे तीन तडाखे, दोन्ही लिहून. निवृत्तीचे चौदा महिने कसे जातील ते देव जाणे.

पंधरा दिवसांनी कल्पिताने मला कोळीवाड्यात बोलावलं. का, ते सांगितलं नाही. ओटीवर अक्षता बसली होती, मांडीवर टॅब. तिच्या टॅबवर पाटी अजून 'या ऋतिकाताई' म्हणत होती. सकाळ-संध्याकाळ ते पान उघडून ती बघत बसायची, असं कल्पिता म्हणाली.

नंतर पाठवायच्या यादीत एक ऑर्डर अर्धवट होती. ऋतिकाने मोबाईलवरून बुधवारी दुपारी टाकलेली, पैसे न भरता ठेवलेली. दोन पापलेटं, वार शुक्रवार, पत्ता मुलुंडचा. सूचनेच्या चौकोनात लिहिलं होतं : 'काटे काढून द्या. भाचीसाठी आहे. मी पण येतेय जेवायला.'

गुरुवार सोडून तिने शुक्रवार निवडला होता. मॅडमनी हा पुरावा बघितला असता, तर सगळं किती लवकर सुटलं असतं! पण तो पुरावा म्हणून बघायची माझी छाती झाली नाही.

"मी साइट बदललीय," कल्पिता म्हणाली. "आता पासवर्ड बदलला की सगळी दारं आपोआप बंद होतात. आणि हे नवं बटण केलंय. अजून कुणी दाबलेलं नाही. ताई, तुम्ही पहिल्यांदा दाबाल?"

बटणावर लिहिलं होतं, 'सगळीकडून बाहेर पडा'.

अक्षताने बोट पुढे नेलं, मागे घेतलं. "मी तिला दोनदा परत पाठवली," ती म्हणाली. सरूबाई आतून आली, माशांचे हात पदराला पुसले आणि तिच्या पाठीवर ठेवले.

मग अक्षताने बटण दाबलं. नाव गेलं, पापलेटं गेली. पान पांढरं झालं आणि त्यावर एकच ओळ आली.

'तुम्ही बाहेर पडला आहात.'

"पडली ग बाई," अक्षता म्हणाली, आणि टॅब छातीशी धरून मोठ्याने रडली.